गजाचे घर

आपल्या भाषेने बंदुकांना नावे देताना बराच विचार केलेला दिसतो. जळत्या तोड्याने पेट घेते ती तोड्याची बंदूक, गारगोटीच्या ठिणगीने उडते ती चकमकीची, आणि जिच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरावी लागते ती ठासणीची. तसे पाहिले तर पहिल्या दोन्हीही ठासणीच्याच. पण पहिल्या दोन नावांत विस्तव आहे आणि तिसऱ्या नावात माणसाचे मनगट आहे. कोकणात रानडुकरांपासून शेत राखणाऱ्या लोकांच्या बोलण्यात हे तिसरे नाव अजून टिकून आहे.

ज्या लांब सळईने ठासायचे तिला गज म्हणतात. दोन-तीन हात लांबीचा हा गज, ठासून झाल्यावर, शिपायाने ठेवायचा कुठे? हातात धरला तर नेम धरता येत नाही; जमिनीवर ठेवला तर पुढे सरकण्याचा हुकूम आला की तो मागेच राहतो. म्हणून बंदुकीच्या नळीखाली, लाकडात कोरलेल्या पन्हळीत, धातूची दोन-चार छोटी नळकांडी बसवलेली असतात. गज त्यांत ओवायचा. बोटाच्या दोन पेरांएवढी ही नळकांडी. बंदुकीचे चित्र काढणारा ती हमखास विसरतो. ऐतिहासिक चित्रपटांतल्या बंदुकांना तर ती नसतातच; गज कुठून आला आणि कुठे गेला याची पंचाईत दिग्दर्शकाने करावी तरी कशाला? माझे मामा तांबट आहेत. त्यांनी या वस्तूला पाहताक्षणी नाव दिले. "चष्म्याचं घर असतं, बटणाचं घर असतं, तसं हे गजाचं घर." तेच नाव मी या लेखात वापरणार आहे.

इतिहासाच्या विद्यार्थिनीने पेशवाई सोडून नळकांड्यावर लिहावे याचे आमच्या वर्गात हसू झाले. पण या नळकांड्यावाचून काय अडते ते एकदा पाहू या. चकमकीची बंदूक भरायची म्हणजे कागदी काडतूस दाताने फाडायचे, चिमूटभर दारू रंजकासाठी ठेवायची, उरलेली नळीच्या तोंडातून ओतायची, वर कागदासकट गोळी सोडायची. मग गज घरांतून ओढून काढायचा, उलटा फिरवायचा, नळीत घालून गोळी तळाशी बसेपर्यंत ठासायचा, पुन्हा बाहेर काढायचा, पुन्हा उलटा फिरवायचा आणि पुन्हा घरांत परत घालायचा. हे सारे रांगेत खांद्याला खांदा लावून, धुरात आणि समोरून गोळ्या येत असताना. कवायतीत तयार झालेला शिपाई एका मिनिटात तीन बार काढी, म्हणजे एका बाराला वीस सेकंद. त्यातली बरीचशी या गजाच्या ये-जा करण्यातच जात. घाबरलेला नवखा शिपाई गज नळीतच विसरे आणि गोळीबरोबर तोही शत्रूकडे रवाना होई. त्यानंतर त्या शिपायाच्या हातात उरे ते फक्त एक महागडे दांडके.

गज पूर्वी लाकडाचे असत. लाकडी गज मोडतो, आणि ऐन लढाईत मोडतो. प्रशियाच्या सैन्यात डेसाऊच्या लिओपोल्ड या सेनापतीने लोखंडी गज आणले आणि १७१८च्या सुमारास ते सगळ्या पायदळाला मिळाले. १७४१ साली मोलविट्झच्या लढाईत प्रशियाच्या पायदळाने ज्या वेगाने बार काढले त्याचे श्रेय कडक कवायतीइतकेच या लोखंडी सळईलाही दिले जाते. गज लोखंडाचा झाला तसा तो बारीक झाला आणि जडही झाला. मग त्याची घरेही बदलावी लागली. भोक लहान करावे लागले, आणि अगदी पुढच्या घराचे तोंड सनईच्या टोकासारखे पसरट करावे लागले, म्हणजे घाईत, न बघता, हात थरथरत असतानाही गजाचे टोक आत शिरावे. हे पसरट तोंड ज्याने पहिल्यांदा घडवले त्याने शिपायाचा थरथरता हात नक्की पाहिला असला पाहिजे.

आता माझा या सगळ्याशी संबंध कसा आला ते सांगते. सदाशिव पेठेत माझ्या एका मैत्रिणीच्या घराण्याचा वाडा होता. तो पाडून तिथे इमारत व्हायची ठरली, तेव्हा माळा रिकामा करताना एक बंदूक निघाली. चाप होता, पण चकमकीची सगळी कळ गायब. दस्ता वाळवीने पोखरलेला. गज नाही. मैत्रिणीची आजी खालून ओरडत होती, "हात लावू नका गं, भरलेली असेल!" आजींचे म्हणणे बरोबर होते. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी भरलेली बंदूक तशीच भिंतीवर टांगली गेल्याची उदाहरणे आहेत. मैत्रिणीच्या वडिलांनी एक बारीक वेत नळीत तळापर्यंत सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली आणि तोच वेत बाहेरून नळीला लावून पाहिला. आतली लांबी आणि बाहेरून नळीच्या कानापर्यंतची लांबी जुळली. म्हणजे नळी रिकामी. हीच परीक्षा पूर्वी गजाने करीत. कानात शिसे ओतून तो कधीच बुजवलेला होता.

घराण्यातली कथा अशी, की पूर्वजांपैकी एकाने ही बंदूक खडकीच्या लढाईत शत्रूच्या हातातून हिसकावून आणली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी गणेशखिंडीच्या माळावर झालेली ती लढाई आपण हरलो. तरी पुण्यातल्या प्रत्येक जुन्या बंदुकीचा उगम त्याच माळावर सापडतो, आणि ती प्रत्येक वेळी हिसकावलेलीच असते. मी आईची शिवणाची टेप नेली होती. नळी मोजली ती एकोणचाळीस इंच भरली. तोंडाचा व्यास पाऊण इंच. नळीखाली गजाची घरे तीन, सगळी पितळेची. या तीन आकड्यांनी मला त्या कथेपेक्षा पुष्कळ जास्त सांगितले.

इंग्रजांच्या पायदळाची जुनी बंदूक बेचाळीस किंवा शेहेचाळीस इंची नळीची असे आणि तिला गजाची घरे चार असत. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदुस्थानातल्या फौजेसाठी जी बंदूक बनवून घेतली ती आखूड, एकोणचाळीस इंची. तिची पितळी सामग्री साधी, आणि गजाची घरे तीनच. एक घर कमी! हिशेबाच्या वह्यांवर जगणाऱ्या मंडळींनी एका बंदुकीमागे एक नळकांडे वाचवले. पुढे फ्रान्सशी युद्ध पेटले, बंदुका पुरेनात, तेव्हा १७९४ साली ब्रिटिश सरकारने कंपनीसाठी तयार असलेल्या बंदुका विकत घेतल्या आणि १७९७पासून हाच स्वस्त घाट आपल्या सैन्यासाठी स्वीकारला. नेपोलियनशी लढलेले इंग्रज शिपाई लाखोंच्या संख्येने ही बंदूक वापरीत होते, आणि तिचे नाव मात्र 'इंडिया पॅटर्न' असे होते. आमच्या माळ्यावरची बंदूक याच घाटाची. ती खडकीला होती की नाही हे तिच्या अंगावर लिहिलेले नाही. पण खडकीला कंपनीच्या शिपायांच्या खांद्यावर होती ती हिच्याच जातीची.

मग एक गोष्ट लक्षात आली. दस्त्याचे लाकूड इतके पोकळ झाले होते, की पुढचे आणि मधले अशी दोन घरे नुसती हातात आली. घराच्या खालच्या अंगाला, म्हणजे लाकडात दडलेल्या बाजूला, एक चपटा पाय असतो. तो लाकडातल्या खाचेत बसतो आणि लाकडातून आडवी गेलेली बारीक सळई त्याला आरपार अडकवून ठेवते. बाहेरून फक्त सळईची दोन टोके दिसतात, मोहरीएवढी. पुढच्या घराचा पाय आणि अंग एकजीव होते. मधल्या घराचा पाय मात्र दोन पदरी दिसला आणि दोन पदरांच्या मध्ये एक पिवळीधमक रेघ होती. ही दोन्ही घरे, मैत्रिणीच्या वडिलांच्या परवानगीने, रुमालात बांधून मी मामांकडे नेली.

मामांचे दुकान कसब्यात, तांबट आळीत. ज्यांनी ती आळी पाहिली नसेल त्यांनी निदान ऐकली असेल. पेशव्यांच्या काळात ही मंडळी कोकणातून पुण्यास आली असे आळीतली म्हातारी माणसे सांगतात. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकाशेजारी एक सारख्या टिचक्या देत जायचे, त्याला मठारकाम म्हणतात. बंब, घागरी, पातेली त्या टिचक्यांनी चमकतात आणि घट्टही होतात, कारण ठोकलेला धातू कडक होत जातो. या टिचक्या दिवसभर, वर्षानुवर्षे कानावर पडून तांबटांना कमी ऐकू येऊ लागते. मामांना आता जवळजवळ ऐकूच येत नाही. पूर्वी ते पत्र्याच्या आवाजावरून त्याला पुन्हा ताव द्यायची वेळ झाली की नाही ते ओळखत. आता हातोडीच्या दांड्यातून तळव्याला जे कळते त्यावर काम चालते. त्यांच्याशी बोलायचे तर मी खडूने पत्र्याच्या तुकड्यावर लिहिते. ते वाचतात आणि तोंडाने उत्तर देतात, थोडे मोठ्याने.

मी लिहिले, "ही दोन्ही एकाच कारखान्यातली का?" मामांनी दोन्ही घरे तळहातावर घेतली, अंगठ्याचे नख एकाच्या अंगावरून फिरवले, मग दुसऱ्याच्या. एवढ्यात त्यांचे काम झाले.

"हे ओतलेलं," ते पुढचे घर उचलून म्हणाले. "हे वळलेलं. दोघांचा बाप वेगळा."

ओतीव घराची रीत अशी. लाकडाचा किंवा धातूचा नमुना वाळूच्या दोन पेट्यांत दाबून साचा घ्यायचा, त्यात पितळ ओतायचे, मग आतले भोक कोरून सारखे करायचे आणि वरची कड कानशीने उतरवायची. एका साच्यावरून हवी तितकी निघतात. इंग्लंडात अठराव्या शतकात बंदुकीची कामे वाटलेली होती. एक कारखानदार फक्त नळ्या करी, दुसरा फक्त कळा, तिसरा पितळेचे ओतकाम. आणि हे सगळे तुकडे शेवटी एका लाकडात बसवणारा आणखी चौथाच. त्यातल्या कुणालाही आपली बंदूक कुठल्या समुद्रापलीकडे जाणार हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

वळलेल्या घराला मात्र साचा लागत नाही, माणूस लागतो. "कसं वळतात?" असे मी लिहिले, तर मामा हसले. ज्यांना सांगता येत नाही त्यांना करून दाखवता येते, आणि मामा त्यातले. त्यांनी वीस गेजचा पितळी पत्रा काढला. गजाच्या जाडीची एक लोखंडी सळई घेतली. सळईभोवती सूत एकदा गुंडाळले, सूत सरळ करून पत्र्यावर धरले, त्यात दोन्ही बाजूंना पायासाठी बोटभर जास्त ठेवले आणि कातरीने पट्टी कापली. आमच्या शाळेत परीघ काढायला 'पाय'चे सूत्र होते. इथे सुताने तेच काम झाले, आणि पत्र्याच्या जाडीचा हिशेब मामांनी सूत किंचित सैल धरून करून टाकला.

पट्टी भट्टीत घातली. मंद लाल झाल्यावर सांडशीने काढून पाण्यात सोडली. लोखंड असे विझवले तर कडक होते, पितळ उलट मऊ पडते. लाकडाच्या ठोकळ्यात एक पन्हळ कोरलेली होती. पट्टी तिच्यावर आडवी ठेवली, वर सळई धरली आणि लाकडी हातोडीने सळईवर ठोके दिले. पट्टी पन्हळीत बसली, मोडी लिपीतल्या एखाद्या वळणासारखी. मग दोन्ही कडा सळईभोवती आत वळवल्या. अर्ध्यावर आल्यावर पितळ कुरकुरू लागले (हा मामांचा शब्द, ते आता ते कुरकुरणे बोटांनी ऐकतात) म्हणून पुन्हा भट्टी, पुन्हा पाणी. दुसऱ्या खेपेला कडा एकमेकींना भेटल्या. उरलेले दोन पदर खाली जोडून शेगड्यात दाबले तेव्हा पाय तयार झाला. या दोन पदरांना मामा कान म्हणतात. बंदुकीच्या नळीला कान, गजाच्या घराला दोन कान. मी मामांकडे पाहिले आणि पुढे काही लिहिले नाही.

आता जोड. सळई काढून घेतली, नळकांड्याला बारीक लोखंडी तार गुंडाळली म्हणजे तापल्यावर ते उघडू नये. सांध्यात टाकणखाराचा लेप दिला आणि त्यावर डाखाचा चुरा. डाख म्हणजे पुन्हा पितळच, पण त्यात जस्त जास्त, त्यामुळे ते आधी वितळते. गंमत अशी, की डाख वितळतो त्याच्या थोडेच पुढे गेले की सगळे नळकांडेच वितळून खाली बसते. पितळ नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी होते, आणि मामांच्या भट्टीला तापमापक नाही. ते दुकानाचे दार लोटून अंधार करतात आणि रंग बघतात. टाकणखार फुगला, बसला, काचेसारखा झाला, आणि एकाएकी सांध्यावर एक चकाकती रेघ धावत गेली, पावसात काचेवरून थेंब ओघळतो तशी. मामांनी त्याच क्षणी नळकांडे बाहेर ओढले. एवढा एक क्षण सोडला तर बाकीचे सगळे काम कुणालाही शिकता येईल, असे ते म्हणतात. हा क्षण शिकायला त्यांना सहा वर्षे लागली.

शेवटी सळई पुन्हा आत घालून बाहेरून हलक्या हातोडीने अंग सारखे केले, दोन्ही तोंडांशी कानशीने दोन-दोन कंगोरे काढले. हे कंगोरे शोभेचे दिसतात, पण कडेला पत्रा जाड भासावा आणि बोटाला धार लागू नये हाही त्यांचा उपयोग. कानांना भोक पाडले. पाहता पाहता दोन तास गेले होते. साच्यातून दोन तासांत किती निघाली असती याचा हिशेब मी केला नाही.

मग मामांनी बंदुकीतले जुने मधले घर पुन्हा हातात घेतले आणि ते ज्या माणसाने केले त्याच्याविषयी बोलू लागले, शेजारच्या दुकानातल्या माणसाविषयी बोलावे तसे. "घाईत होता. एक कान लांब राहिलाय, तो नीट कापायला वेळ नव्हता. लाकडात जाणार, कोण बघतंय. पण डाख बघ, टोकापासून टोकापर्यंत पोचलाय. हाताला सवय होती." मी लिहिले, "तांबटच कशावरून? लोहार असेल, सोनार असेल." मामा म्हणाले, "लोहारानं लोखंडाचं केलं असतं. आणि सोनारानं एवढा डाख सांडला नसता."

हा पुरावा विद्यापीठात कितपत चालेल हे मला माहीत आहे. पण विचार करा, आपल्याकडची तोड्याची बंदूक कशी असे? बहुतेक तोडेदार बंदुकांना असली घरे नसतातच. लाकडातच नळीला समांतर लांब भोक पाडलेले असते, गज त्यात जातो. नळी लाकडाला चामड्याच्या वाद्यांनी किंवा धातूच्या बंदांनी बांधलेली असते. म्हणजे ज्याने हे मधले घर बनवले त्याच्या बापाने किंवा आजाने ही वस्तू कदाचित कधी केलेली नव्हती. त्याच्यासमोर एक परकी बंदूक आली असणार, जिचे एक घर हरवले होते. साचा नव्हता, विलायतेला पत्र लिहिण्याची सोय नव्हती. उरलेली दोन घरे पाहून त्याने तिसरे केले, ओतीव वस्तूची नक्कल पत्र्यात केली. बाहेरचे कंगोरेदेखील मोजून तेवढेच काढले. आणि सांधा लाकडाच्या बाजूला फिरवला, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही एकसारखी वाटावी. ती वाटलीही. वाळवीने लाकूड खाल्ले नसते तर आम्हालाही कळले नसते.

अशी कामे किती झाली असतील! १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची पायदळ पलटण चकमकीच्या बंदुका घेऊन उभी होती. महादजी शिंद्यांनी द बॉयन्याच्या हाताखाली कवायती कंपू उभे केले आणि आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाकडे तोफा-बंदुकांचा कारखाना सोपवला. इतिहासात सँग्स्टरचे नाव आहे. त्याच्या कारखान्यात भट्टीपुढे बसून दार लोटून रंग पाहणारे जे होते, त्यांची नावे नाहीत. पुण्यात तोफखाना हे वस्तीचे नाव उरले, दारूवाला पूल उरला. दारू कुटणाऱ्यांचे नाव निदान एका पुलाला तरी मिळाले. बंदुका दुरुस्त करणाऱ्यांचा पूल नाही.

इथे मला दिनकर गंगाधर केळकरांची आठवण येते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यभर अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, कुलुपे गोळा केली आणि १९७५ साली आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या नावाचे ते सगळे संग्रहालय महाराष्ट्र सरकारला देऊन टाकले. तलवारींपुढे गर्दी होते तशी अडकित्त्यांपुढे होत नाही. पण घरातल्या हाताने घडवलेल्या लहान वस्तूत जे दिसते ते राजांच्या तसबिरीत दिसत नाही, हे त्यांनी कुणी सांगण्याची वाट न पाहता ओळखले होते. त्यांना गजाचे घर दाखवले असते तर त्यांनी ते उलटे करून सांधा पाहिला असता, असे मला वाटते.

गजाच्या घरांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. फ्रेंचांनी अठराव्या शतकातच नळी लाकडाला आवळणारे रुंद कडे बसवायला सुरुवात केली होती. इंग्रजांच्या १८५३च्या एन्फिल्ड रायफलीतही नळी कड्यांनी बांधली गेली आणि गज नुसत्या पन्हळीत राहू लागला. वेगळ्या घरांची गरज संपली. ही तीच रायफल, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७चा भडका उडाला. दहा वर्षांच्या आत मागून काडतूस भरायची स्नायडर आली आणि ठासणेच संपले. गज उरला तो नळी पुसण्यापुरता. एक वस्तू नाहीशी होते तेव्हा तिच्याबरोबर ती करणारा हात लगेच नाहीसा होत नाही. तो दुसरे काही करू लागतो. बंब करतो, घागरी करतो. पुढे बंबांची जागा गिझरने घेतली. मामांचे दोन्ही मुलगे नोकरी करतात, आणि ते योग्यच आहे. कान शाबूत राहतील. दार लोटून रंग पाहायला मामांनी इतक्या वर्षांत मला कधी आत बोलावले नव्हते, कारण भट्टीपाशी मुलींचे काय काम. त्या दिवशी बोलावले. दुसऱ्या नळकांड्याला डाख लावताना त्यांनी सांडशी माझ्या हातात दिली, आणि त्या रेघेची वाट पाहत त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. रेघ धावली तेव्हा त्यांनी मनगट दाबले. बोलून सांगितले असते तर उशीर झाला असता.

वाडा मागच्या उन्हाळ्यात पडला. मैत्रिणीच्या घरच्यांनी बंदूक एका संग्रहालयाला द्यायचे ठरवले आणि देणगीचा अर्ज भरायचे काम, 'तुला त्यातलं कळतं' म्हणून, माझ्याकडे आले. अर्जात वस्तूचे नाव, माप, स्थिती, अंदाजे काळ, कुणाकडून मिळाली, एवढे रकाने होते. घडवणाऱ्यासाठी रकाना नव्हता. वर्णनाला दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत मी नळीची लांबी आणि तोंडाचा व्यास लिहिला. दुसऱ्या ओळीत लिहिले: 'गजाची घरे तीन, पितळी, पुढील व मागील ओतीव, मधील पत्र्याचे, वळून डाख लावलेले, बहुधा स्थानिक तांबटाने केलेले.' तेवढ्यात ओळ भरली.

मामांना अर्ज वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, 'बहुधा' या शब्दावर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी खडूने लिहिले, "असं लिहावं लागतं." मामा काही बोलले नाहीत. मग मी अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या पानावर त्यांचे म्हणणे जसेच्या तसे लिहून काढले: लांब राहिलेला कान, टोकापर्यंत पोचलेला डाख, लोहार आणि सोनार, सगळे. सांध्याचे एक चित्रही काढले. संग्रहालयातल्या कारकुनाने अर्जाची पुढची बाजू पाहून शिक्का मारला. बंदूक आता त्यांच्या कोठारात आहे, मधले घर मोकळेच, पाकिटात. मागचे पान फाइलीला लागले की नाही हे विचारायला मी दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहे.